पुढे रस्त्यावर पाणी आहे, ताई, थांबू की निघू?

मागच्या अंकात मोटरहोमने ऑस्ट्रेलिया फिरण्याबद्दल लिहिलं होतं आणि शेवटी म्हटलं होतं की परतीच्या प्रवासाबद्दल काही विचारायचं असेल तर पाठवा. तर आलेल्या पत्रांमधली निम्म्याहून जास्त पुराबद्दलचीच निघाली. मला आश्चर्य नाही वाटलं. आपण मेलबर्न-सिडनीची मंडळी थंडीत उत्तरेला क्वीन्सलंडला पळतो, जून ते ऑगस्ट तिकडे मस्त कोरडं ऊन खातो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरला घराकडे वळतो, आणि ला निन्याचं, म्हणजे इकडे जास्त पावसाचं, वर्ष असलं की नेमका तेव्हाच न्यू साउथ वेल्सच्या आतल्या भागात आणि व्हिक्टोरियात पाऊस सुरू होतो. म्हणजे जाताना कोरडं, येताना चिखल. आणि येताना माणसाची घाई वेगळीच असते, तेच सगळ्या पत्रांत दिसतंय मला. एकेक घेते.

प्रश्न : ताई नमस्कार. आम्ही दोघं रिटायर्ड, मेलबर्नला राहतो, सात मीटरची मोटरहोम आहे, भरलेली साधारण चार टन. मागच्या वेळी क्वीन्सलंडहून येताना एका फ्लडवेवर, म्हणजे पुराचं पाणी वरून जावं म्हणून खोलगट ठेवलेल्या रस्त्यावर, पाणी होतं. जास्त नव्हतं हो, एक-दीड वीत असेल. आमच्यासमोर दोन ट्रक गेले. आमचे हे म्हणाले एवढी जड गाडी आहे, काही होत नाही, हळूहळू काढू. मी नाही म्हटलं, अक्षरशः दार उघडून खाली उतरले आणि म्हटलं मी येणार नाही. मग मागे वळून ४० किलोमीटरवरच्या गावात तीन दिवस काढले. तीन दिवस हे माझ्याशी धड बोलले नाहीत. नंतर कळलं त्या दिवशी बऱ्याच गाड्या सुखरूप गेल्या. माझं चुकलं का?
— एक वाचक, मेलबर्न

उत्तर : नाही चुकलं. अजिबात नाही चुकलं, आणि हे पत्र तुमच्या ह्यांनाही वाचायला द्या, कारण पुढचं मी त्यांच्यासाठी लिहितेय.

दादा, जड गाडी म्हणजे पाण्यात सेफ हा हिशोब चुकीचा आहे. सिडनीच्या यूएनएसडब्ल्यू विद्यापीठाच्या पाण्याच्या लॅबमध्ये काही वर्षांपूर्वी खऱ्या गाड्या पाण्यात उभ्या करून टेस्ट केल्या होत्या. टनभर वजनाची छोटी गाडी फक्त १५ सेंटीमीटर पाण्यात सरकायला लागली, आणि पाण्याचा वेग किती तर सेकंदाला एक मीटर, म्हणजे आपण चालतो त्यापेक्षाही कमी. ६० सेंटीमीटरला ती पूर्ण तरंगली. अडीच टनाची मोठी फोर व्हील ड्राइव्ह, जिच्यावर सगळ्यांचा एवढा भरवसा, ती ४५ सेंटीमीटर वाहत्या पाण्यात डळमळायला लागली आणि ९५ ला जवळजवळ हाताने ढकलता येईल अशी झाली.

आता मोटरहोमचं बघा. ती म्हणजे चाकांवर ठेवलेला रिकामा खोका आहे. सात मीटर लांब, सव्वादोन मीटर रुंद, म्हणजे पाणी तळाला टेकलं की पुढच्या प्रत्येक दहा सेंटीमीटरला दीड टनाच्या वर पाणी बाजूला सारलं जातं, आणि तेवढंच वजन गाडीचं कमी होतं. चार टनाची गाडी तळाच्या वर २५ सेंटीमीटर पाणी आलं की तत्त्वतः होडीच झाली. आत पाणी शिरायला वेळ लागतो, तोपर्यंत ती वाहून गेलेली असते. आणि चाकं उचलायच्या खूप आधीच टायरची पकड जाते. शिवाय बाजूची एवढी मोठी भिंत, पाणी आडवं आलं आणि वारा असला तर सगळा जोर तिच्यावर. ट्रकचं उदाहरण घेऊच नका, चाळीस टनाचा ट्रक, तळ उंच, खालून पाणी आरपार जातं, त्याचं आणि आपलं काही जुळत नाही. उलट ट्रक गेल्यावर मागे जी लाट येते तीच आपल्या स्कर्टिंगवर, म्हणजे गाडीच्या खालच्या कडेच्या पट्टीवर, आदळते.

आणि खोलीपेक्षाही मला जी भीती वाटते ती खालच्या रस्त्याची. पाण्याखाली रस्ता आहे हे आपण धरून चालतो. २ ऑगस्ट २०१६ ची रात्र आठवा, महाडला सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल गेला आणि दोन एसटी आणि काही गाड्या अंधारात सरळ नदीत गेल्या. ड्रायव्हर रोजच्या रस्त्यावरचे होते, त्यांना पूल पाठ होता. इकडेही पुरात डांबराच्या खालची खडी वाहून जाते, वरून रस्ता दिसतो आणि खाली पोकळ, किंवा मधलं दहा फूट डांबरच नसतं. गढूळ पाण्यात ते कुणालाही दिसत नाही, ना तुम्हाला ना ट्रकवाल्याला.

त्या दिवशी बऱ्याच गाड्या गेल्या म्हणता, जाऊ देत. जी गेली नसती ती तुमची असती का हे कळायचा एकच मार्ग होता, आणि तुम्ही तो घेतला नाहीत. क्वीन्सलंडमध्ये सरकारी जाहिरातच आहे, पूर असेल तर विसरा. रस्त्याकडेला ते पांढरे खांब असतात ना मीटरचे आकडे लिहिलेले, ते बघून खोली कळते पण वेग कळत नाही आणि खालचं भगदाड तर नाहीच. मी माझ्यापुरता नियम केलाय, पाणी वाहत असेल आणि खालची पांढरी रेघ दिसत नसेल तर आपण थांबायचं, वाद नाही. आणि रस्ता बंदचा बोर्ड असेल तर रेघ दिसो न दिसो, गाडी वळवायची. बोर्ड ओलांडून गेलात तर दंड होतोच, आणि विमा कंपनीने क्लेम नाकारला तर भांडायला जागा राहत नाही. पण दंडापेक्षा मला आठवतात ते एसइएसचे, म्हणजे सरकारी आपत्कालीन सेवेचे लोक. जवळजवळ सगळे स्वयंसेवक असतात, कोणी शाळेत शिक्षक, कोणी शेतकरी, त्यांचं स्वतःचं घर पाण्यात असतं आणि ते रात्री होडी घेऊन आपल्याला काढायला येतात. त्यांच्यासाठी तरी.

वहिनी, तुम्ही दार उघडून उतरलात ते फार बरं केलंत. प्रत्येक गाडीत दोघांपैकी एकाने नाही म्हटलं की गाडी थांबणार हे निघतानाच ठरवून टाका, मग अबोला धरायची वेळ येत नाही. आमच्याकडे तसंच आहे. कारण विचारायचं नाही, गाडी बाजूला घ्यायची, चहा टाकायचा.

प्रश्न : मी मूळचा सांगलीचा, आता सिडनीत मुलाकडे असतो. गेल्या वर्षी आम्ही कॅम्परव्हॅनने येत होतो तेव्हा चार दिवस लख्ख ऊन, आकाशात ढग नाही, आणि तरी हायवे बंद. उलट पाऊस पडत होता तेव्हा चालू होता! हे लोक उगाच घाबरट आहेत का, की काही कारण असतं?
— सांगलीकर काका, सिडनी

उत्तर : काका, सांगलीच्या माणसाने हे विचारावं! २०१९ चा ऑगस्ट आठवा. सांगलीत पाऊस उघडला होता तरी आयर्विन पुलाखालची पातळी चढतच होती, सत्तावन्न फुटापर्यंत गेली, कारण पाणी तुमच्या डोक्यावर पडलेलं नव्हतंच, ते कोयनेच्या आणि महाबळेश्वरच्या डोंगरात पडलेलं होतं. आणि शिरोलीजवळ पुणे-बंगळूर हायवे आठवडाभर बंद, ट्रकच्या रांगाच्या रांगा, ड्रायव्हर रस्त्यावर स्वयंपाक करतायत. इकडे तेच होतं, फक्त अंतरं पाच-दहा पट आणि जमीन टेबलासारखी सपाट, म्हणून पाणी धावत येत नाही, चालत येतं. आज डोंगरात पडलेला पाऊस तुमच्या रस्त्यावर सहा दिवसांनी येतो, कधी दोन आठवड्यांनी.

नेवेल हायवेचंच बघा. आपण बहुतेक मेलबर्नवाले त्याच रस्त्याने येतो, गुंडीविंडीपासून टोकमवालपर्यंत हजार किलोमीटरच्या वर. तो नकाशात उभा आहे आणि नद्या सगळ्या आडव्या. पूर्वेच्या डोंगररांगांत उगम पावतात आणि पश्चिमेला वाहतात, म्हणजे तुम्ही एकामागून एक सगळ्या ओलांडता, गुंडीविंडीला मॅकिन्टायर, मोरीला मेही, नॅराब्रायला नमॉय, गिलगँड्राला कॅसलरे, डबोला मॅक्वारी, फोर्ब्सला लॅकलन, नरँडेराला मरमबिजी आणि शेवटी मरे. एकीचा पूर उतरतो तेव्हा पुढचीचा चढत असतो. म्हणून एक गाव पार केलं की सुटलो असं वाटतं आणि पुढच्या गावात अडकतो.

आम्ही २०२२ ला असेच अडकलो होतो, ला निन्याचं ते सलग तिसरं वर्ष. धरणं आधीच भरलेली, जमीन स्पंजसारखी फुगलेली, पडलेला प्रत्येक थेंब सरळ नदीत. आम्ही पार्क्सपर्यंत आलो. तिथून फोर्ब्स जेमतेम ३३ किलोमीटर, आणि फोर्ब्सच्या पुढे वेस्ट वायलाँगकडे हायवे पाण्याखाली. वरती वायंगला धरण ओसंडत होतं. मी पहिल्या दिवशी दर तासाला ट्रॅफिकचं ॲप बघत होते, दुसऱ्या दिवशी पण, आणि मग कॅम्पवरची एक म्हातारी शेतकरी बाई मला म्हणाली की ॲप बघू नकोस, नदीचा आलेख बघ. हवामान खात्याच्या, म्हणजे बीओएमच्या वेबसाइटवर प्रत्येक नदीच्या प्रत्येक मोजमाप केंद्राची पातळी असते, वरच्या गावात रेघ चढतेय की उतरतेय ते बघायचं, वरच्या गावात चढत असेल तर आपल्याकडे अजून यायचंय. तुम्ही सांगलीकर कोयनेचा विसर्ग किती क्युसेक हे जसं पाठ ठेवता ना, अगदी तेच. त्या दिवसापासून मी शांत झाले, कारण मला कळलं की हे चार-सहा दिवसांचं काम नाही.

मग आम्ही पार्क्सला राहिलो. ती मोठी रेडिओ दुर्बीण बघितली, ६४ मीटरची थाळी, १९६९ ला माणूस चंद्रावर उतरला तेव्हाची चित्रं तिने पकडली होती, दोन दिवस तिथेच जाऊन बसत होतो. नवव्या दिवशी ठरवलं की उतरायची वाट बघायची नाही, लांबून जाऊ. ऑरेंज, बॅथर्स्ट करत पार सिडनीच्या अंगाने जाऊन ह्यूम हायवे धरला, पाचशेहून जास्त किलोमीटर जास्तीचे पडले. डिझेलचा हिशोब मी तेव्हाही केला नाही आणि आताही करत नाही.

त्या रस्त्यात गंडागाई लागतं, तिथे मुद्दाम थांबा काका. मरमबिजीच्या काठचं गाव. तिथल्या विराजुरी लोकांनी, म्हणजे मूळ रहिवाशांनी, गोऱ्यांना सांगितलं होतं की या सपाटीवर घरं बांधू नका, इथे पाणी येतं. ऐकलं नाही. जून १८५२ मध्ये रात्री नदी गावात आली, अडीचशेच्या वस्तीतली ऐंशीच्या आसपास माणसं गेली. आणि त्याच पुरात यारी आणि जॅकी जॅकी हे विराजुरी पुरुष झाडाच्या सालीच्या छोट्या होड्या घेऊन त्या पाण्यात पुन्हा पुन्हा गेले, आणि झाडांवर, छपरांवर अडकलेली साठ-सत्तर माणसं त्यांच्यासह इतर विराजुरींनी काढली. साल, लाकडी काठी आणि नदीची ओळख, बाकी काही नाही. २०१७ पासून गावात त्यांचा पुतळा आहे. मी त्याच्यासमोर उभी राहिले तेव्हा माझ्या मागे नऊ दिवसांचा पूर होता, मला रडू आलं. गाव नंतर वर टेकडीवर बांधलं.

तर घाबरट नाहीत हो लोक. २०२५ च्या मार्च अखेरीस क्वीन्सलंडच्या नैर्ऋत्य भागात, अडावेल, जंडा, क्विल्पी, थार्गोमिंडा या पट्ट्यात जो पूर आला त्याने १९७४ च्या खुणा ओलांडल्या, एक लाखाहून जास्त गुरंमेंढरं गेली, आणि त्यातलं काही पाणी आठवडेच्या आठवडे चालत खाली साउथ ऑस्ट्रेलियातल्या लेक एअरमध्ये पोचलं. निळ्या आकाशाखाली. त्या भागातून घरी येणाऱ्यांसाठी बोर्ड लावणारा माणूस पाऊस बघून बोर्ड लावत नाही, वरून काय येतंय ते बघून लावतो.

प्रश्न : हाय ताई, हायवे बंद होता तेव्हा गूगलने आम्हाला शेतातून जाणारा एक रस्ता दाखवला, फक्त ५५ किमी, पाणी नव्हतं, नवऱ्याने घातली गाडी आणि सात-आठ किलोमीटरवर अशी रुतली की ट्रॅक्टर बोलवावा लागला. पाणी नव्हतं तरी??
— एक वाचक, ब्रिस्बेन

उत्तर : मोरी-नॅराब्राय भाग असणार हा, हो ना? तिथे कापूस होतो. आणि कापूस होतो म्हणजे काय ते विदर्भ-मराठवाड्याच्या माणसाला सांगायला नको, काळी माती! तीच आपली भेगाळणारी काळी जमीन. कोरडी असताना दगड, भिजली की लोणी. चाकाला चिकटून चिकटून मडगार्डमध्ये भरते आणि चाक फिरायचंच थांबतं. आपल्या बऱ्याच मोटरहोम पुढच्या चाकांवर चालणाऱ्या व्हॅनवर बांधलेल्या असतात, वजन सगळं मागे, पुढचं चाक जागच्या जागी गरगर फिरतं. ओल्या गवतावरसुद्धा रुततात त्या, काळ्या मातीचं तर सोडाच.

गूगलला रस्ता मातीचा की डांबरी याचं फारसं सोयरसुतक नसतं, आणि कौन्सिलने, म्हणजे तिथल्या नगरपालिकेने, सकाळी बंद केलेला गावरस्ता त्यावर दुपारपर्यंत येईलच असं नाही. म्हणून न्यू साउथ वेल्समध्ये लाइव्ह ट्रॅफिक, क्वीन्सलंडमध्ये क्यूएलडी ट्रॅफिक, व्हिक्टोरियात विकट्रॅफिक हे बघायचं आणि गावरस्त्यांसाठी त्या त्या कौन्सिलचं पान किंवा सरळ पेट्रोल पंपावरच्या माणसाला विचारायचं. गाडीत यूएचएफ रेडिओ असेल तर चॅनेल ४० वर ट्रकवाले बोलतात, त्यांना पुढची खबर आपल्याआधी असते. त्यांना शिस्तीत विचारलं की सांगतात. आणि रस्ता ओला असताना बंद असलेल्या मातीच्या रस्त्यात गाडी घातली तर चाकोऱ्या पडतात ना, त्या वाळून दगड होतात आणि त्या शेतकऱ्याच्या शाळेच्या बसला मग महिनाभर त्यावरून जावं लागतं, हेही मनात असू द्या. ट्रॅक्टरवाल्याने पैसे घेतले नसतील तर त्याला पत्र पाठवा, गोडाचा डबा पाठवा, काहीतरी पाठवा.

प्रश्न : थांबायचं तर नेमकं कुठे थांबायचं? आणि गाडीत काय हवं? आम्ही पहिल्यांदाच निघतोय, ॲडलेडहून.
— एक जोडपं, ॲडलेड

उत्तर : नदीकाठी नाही, एवढं पहिलं. आपल्याला आवडणाऱ्या सगळ्या फुकटच्या जागा नदीकाठीच असतात, गमच्या म्हणजे निलगिरीच्या झाडांखाली, पाण्याचा आवाज ऐकत झोपायचं, आणि पुराच्या दिवसांत तीच सगळ्यात वाईट जागा. रात्रीत पाणी वाढतं, आणि बहुतेक वेळा आधी तुमच्या मागचा पोचरस्ता बुडतो, तुम्ही उंचवट्यावर असता आणि बेटावर होता. गावात जा. बऱ्याच गावांचं शोग्राउंड असतं, म्हणजे जत्रेचं मैदान, थोड्या पैशात वीज-पाणी मिळतं. पण काही गावांची शोग्राउंडसुद्धा नदीच्या सपाटीवर आहेत, म्हणून पोचल्यावर कुणालातरी विचारा की मागच्या पुरात पाणी कुठपर्यंत आलं होतं. छोट्या गावात प्रत्येकाला ते ठाऊक असतं, भिंतीवर खूण दाखवतात. गाडी उलटी लावा, तोंड रस्त्याकडे, ऑनिंग, म्हणजे बाजूचं कापडी छत, रात्री मिटलेलं, किल्ली जागेवर.

सामानाचं. पाण्याची टाकी अर्धी झाली की भरायची, डिझेल अर्धं झालं की भरायचं, गॅसचा दुसरा सिलिंडर भरलेला. औषधं दोन आठवड्यांची जास्तीची, हे कृपा करून ऐका, बीपी-शुगरच्या गोळ्यांसाठी लोक पूर ओलांडायला निघालेले मी बघितलेत. थोडी रोख रक्कम, कारण टॉवर गेला की कार्ड चालत नाही. नकाशे आधीच डाउनलोड केलेले. बॅटरीवरचा साधा रेडिओ, एबीसी या सरकारी रेडिओचं लोकल स्टेशन पुराच्या वेळी सतत माहिती देतं. नंबर एका कागदावर लिहून फ्रिजवर लावा, एसइएस १३२ ५००, जिवावरचं असेल तर ०००.

खाण्याचं आपल्या लोकांना काय सांगू. तांदूळ, मुगाची डाळ, पोहे, मेतकूट, लोणचं, दूध पावडर, एवढ्यावर दोन माणसं दोन आठवडे आरामात राहतात आणि गावातल्या दुकानावर भार पडत नाही. ते महत्त्वाचं आहे, कारण रस्ता बंद म्हणजे त्यांचाही ट्रक येत नाही, आणि ब्रेडची शेवटची पाकिटं पाहुण्यांनी उचलली तर गावकऱ्यांनी काय करायचं. मात्र पैसे गावात खर्च करा, चहा तिथल्या कॅफेत प्या, केस कापून घ्या. आणि मोबाइल घेऊन दुसऱ्याच्या बुडालेल्या घराचे व्हिडिओ काढत फिरू नका. त्यापेक्षा वाळूच्या पिशव्या भरायला माणसं हवी असतात, दोन तास जा. आमचे हे ६६ व्या वर्षी पिशव्यांची तोंडं बांधायला बसले होते, ते काम बसून होतं.

डास. हे कुणी सांगत नाही म्हणून सांगते. पूर ओसरला की डास असे येतात की बोलता सोय नाही, आणि २०२२ ला मरेच्या खोऱ्यात जपानी मेंदूज्वर आला होता, माणसं दगावली. आपल्याकडचं नाव ओळखीचं आहे म्हणून इकडे नसेल असं समजू नका. संध्याकाळी पूर्ण बाह्या, जाळ्या नीट, आणि लसीबद्दल निघायच्या आधी डॉक्टरांना विचारा. पुराच्या पाण्यात चपलांनी चालू नका, त्यात सांडपाणी असतं, तारा असतात, सापही उंच जागा शोधत असतात.

प्रश्न : आम्ही चार मित्र, स्टुडंट आहोत, केर्न्सहून मेलबर्न भाड्याची मोटरहोम घेतलीये. मधेच पूर आला आणि गाडी वेळेत परत देता आली नाही तर? मागच्या वेळी एका मित्राला भरपूर पैसे भरावे लागले.
— एक विद्यार्थी, मेलबर्न

उत्तर : बाळांनो, करार आत्ता वाचा, निघायच्या आधी. त्यात तीन ओळी शोधा, पाण्याने झालेलं नुकसान कव्हर आहे का, गाडीच्या खालच्या भागाचं कव्हर आहे का, आणि मातीच्या रस्त्यावर न्यायला परवानगी आहे का. महागातलं फुल कव्हर घेतलं तरी या तीन गोष्टी पुष्कळदा बाहेर ठेवलेल्या असतात. अडकलात तर त्याच दिवशी कंपनीला फोन करा आणि फोननंतर ईमेल, रस्ता बंदचा स्क्रीनशॉट जोडून, तारीख-वेळ दिसेल असा, आणि तुम्ही कुठल्या गावात आहात ते. रोज एक ईमेल. फोनवर ठीक आहे म्हणतात आणि नंतर लेट फी लावतात असं झालेलं मी ऐकलंय, लिखित असलं की बोलता येतं. आणि समजा लावलीच फी, चौघांत वाटून भरा. सोमवारी असाइनमेंट आहे म्हणून रात्री पाण्यातून गाडी घालायची नाही, कॉलेजला पण तोच स्क्रीनशॉट पाठवा.

प्रश्न : मावशी, मी मेलबर्नला असते. आई-बाबा, दोघंही सत्तरीच्या जवळ, मोटरहोम घेऊन टाउन्सव्हिलहून घरी यायला निघालेत आणि पुढे सगळीकडे पुराच्या बातम्या आहेत. मी दिवसातून पाच वेळा फोन करते, बाबा चिडतात. माझ्या मुलाचा वाढदिवस आहे २० तारखेला, त्यांना त्याच्या आधी पोचायचंय. मी इथून काय करू शकते?
— एक मुलगी, मेलबर्न

उत्तर : आज रात्री फोन कर आणि बाबांना सांग की वाढदिवस पुढे ढकललाय. ते कधी पोचतील तेव्हा करायचाय, हॉल वगैरे काही नाही, केक घरीच. आणि खरंच पुढे ढकल, नुसतं म्हणू नकोस. नातवाला २० तारखेला शाळेत चॉकलेटं वाटू दे.

हे मी का सांगतेय ते ऐक. इतक्या वर्षांत मी पुराच्या रस्त्यांवर जेवढी माणसं नको ते धाडस करताना बघितली त्यातली जवळजवळ सगळी परतीच्या वाटेवरची होती. जाताना कुणी पाण्यात गाडी घालत नाही, जाताना म्हणतात बरं झालं, इथेच राहू दोन दिवस. येताना तीच माणसं, तोच रस्ता, पण कुणाची तरी तारीख असते, डॉक्टरची अपॉइंटमेंट, बारसं, भाडेकरू, वाढदिवस. पार्क्सला आमच्या शेजारी एक जोडपं होतं, त्यांचा मुलगा रोज फोन करून विचारायचा, कधी पोचताय, आणि रोज फोन ठेवल्यावर ते काका बूट घालून गाडीभोवती फिरायचे, टायर बघायचे. पाचव्या दिवशी निघाले. आम्ही सगळ्यांनी थांबा म्हटलं. बंदच्या बोर्डापाशी पोलिसांनी परत पाठवलं म्हणून परत आले, संध्याकाळी काकू माझ्याकडे येऊन खूप वेळ बसून राहिल्या.

तुझ्या आई-बाबांचं अंथरूण, स्वयंपाकघर, संडास, देव, सगळं त्यांच्यासोबत आहे. कारमधून येणाऱ्या माणसाला मोटेल शोधावं लागतं, त्यांना नाही. ते आत्ता घरातच आहेत, फक्त घर दुसऱ्या गावात उभं आहे. हे त्यांना वाटू द्यायचं काम तुझं. म्हणून कधी पोचताय हे विचारूच नकोस. विचार, आज कुठे थांबलात, शेजारी कोण आहे, आईने काय केलं जेवायला.

फोन पाच वेळा नको, एकदाच, संध्याकाळी ठरलेल्या वेळी. तेवढ्यात त्यांनी गावाचं नाव, कॅम्पचं नाव आणि उद्या हलणार की नाही एवढं सांगायचं. नेटवर्क जाणार असेल तर आधी सांगायचं, म्हणजे फोन आला नाही तर तू घाबरत बसणार नाहीस आणि खरंच काही असेल तर कुठे शोधायचं ते माहीत असेल. तू तुझ्या बाजूने नद्यांचे आलेख बघत जा, वर काकांना लिहिलंय तसं, तुझ्याकडे चांगलं इंटरनेट आहे, त्यांच्याकडे नाही. बाबांना सल्ला देऊ नकोस, आकडा दे. बाबा, नरँडेराला पाणी अजून चढतंय, एवढंच. पुढचं ते ठरवतील. त्यांच्या औषधांची प्रिस्क्रिप्शन फोनवर पाठवता येते, ती कुठल्या गावातल्या फार्मसीत मिळतील ते शोधून ठेव.

आणि पोचल्यावर, गाडी आत घ्यायच्या आधी ब्रेक आणि खालचा भाग मेकॅनिकला बघायला सांग, चिखल पाण्यातून आलेली असेल तर आठवड्याच्या आत. पुरानंतरच्या खड्ड्यांनी टायरची आतली बाजू फाटलेली असते आणि बाहेरून दिसत नाही. आईला म्हणावं मावशीने विचारलंय.

(पुढच्या अंकासाठी प्रश्न पाठवताना गाडीची लांबी-वजन, कुठून कुठे आणि कुठल्या महिन्यात हे जरूर लिहा, त्याशिवाय मला नीट सांगता येत नाही.)